पहिल्या हाकेची ओ

बानाबाईला हाक मारायचीही सोय नव्हती. समोरच्याच्या तोंडातून 'बा' निघतोय न निघतोय तोच तिची ओ हजर. वाळूजच्या कडेला, कंपन्यांच्या भिंतींमागं जी पत्र्याची वस्ती उठली, तिथं टँकर आला की बायका मुद्दाम भलत्याच कुणाला हाक मारायच्या. बानाबाई तव्यावरची भाकर तशीच टाकून दारात यायची. "तुला नाय गं म्हातारे, आशाबाईला बोलावलं," म्हणून सगळ्या फिदीफिदी हसायच्या. हसा बायांनो, दात आहेत तोवर हसून घ्या. बानाबाई मात्र कधी रागावली नाही. हाक कुणाचीही असो, ऐकून गप्प बसणं तिच्या जिवाला झेपतच नव्हतं.

माणूस मूळचं मेंढरांमागचं. खुलताबादच्या डोंगरात तिनं उमेदीचे दिवस काढले. मग माळाचे प्लॉट पडले, चराई संपली, कळप बाजारात गेला. पोरगा कंपनीत लागला, आणि त्याच्यामागं तीही शहराच्या कडेला येऊन पडली. डोंगरातल्या जुन्या घाटाचा विषय कुणी काढला की ती एकच सांगायची, ती वाट गेली, दरड कोसळली. दरड कधी कोसळलीच नव्हती. पण म्हातारीला खोटं कोण पाडणार?

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्याच उन्हाळ्यात हे खोटं उघडं पडायची वेळ आली. नात प्रांजली सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणाऱ्या मंडळींत जायला लागली होती. त्यांचा म्होरक्या अभय. पावसाळा लागायच्या आत जुन्या घाटानं वरच्या पडक्या ठाण्यापर्यंत, जुन्या पहाऱ्याच्या चौकीपर्यंत, लोकांना न्यायचं, असं त्याच्या मनात भरलेलं. वर वेशीची कमान आहे, पडक्या भिंती आहेत, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण वाट निम्म्यातच हरवत होती. प्रांजली बोलून गेली की माझी आजी तिथूनच मेंढरं न्यायची. झालं, एका सकाळी अभय बाजेवर येऊन बसला.

बानाबाईनं आपलं दरडीचं पालुपद लावलं आणि पाठ फिरवून ज्वारी पाखडायला घेतली. पोरं बिचारी तिच्याविनाच बेत आखत बसली. पाणी किती घ्यायचं, न्याहारी कुठं करायची, पुढं कोण, शेवटी कोण. मग अभयनं शिट्ट्यांचा नियम सांगितला. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असेल. एखादी शिट्टी वाजली तर लक्ष द्यायचं नाही, लोक उगाच गंमत म्हणून फुंकतात. ओळीनं तीन वाजल्या तरच समजायचं की कुणीतरी अडचणीत आहे.

सूप पाखडायचं थांबलं. बानाबाई पाठमोरीच बोलली.

"आन् ज्याच्यात तीनदा फुकायचा दम नसंल, त्यानं काय करायचं?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि वळली. मग जे तिनं पोटच्या पोराला कधी सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या पोरासमोर बाहेर पडलं.

बहात्तरचा दुष्काळ. नवऱ्याचं नाव अजिनाथ, आणि तेव्हाच्या रिवाजाला न शोभेल इतका हसरा. बानाबाई नवीनच सून, पोर अजून पोटात. पहिल्यांदा घाट चढताना सासूनं, कडूबाईनं, तिला बजावलं होतं: घाटात मागून हाक आली तर ओ देऊ नको, मागं वळू नको. वाटेवर मेलेलं माणूस एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक जित्या माणसाची, तिलाच ओ द्यायची. मेंढरांमागच्या सगळ्या बाया हे पाळायच्या. अजिनाथ तर त्याची थट्टाच करायचा. बायकोला तीनदा, चढत्या सुरात हाक मारायचा, आणि तिनं तिसरीला ओ दिली की खो खो हसायचा.

त्या दिवशी टाक्यात तळाला पाणी उरलंय का बघायला तो ठाण्यावर मागं थांबला. तू मेंढरं खिंडीतून पुढं काढ, मी आलोच, म्हणाला. ती खिंडीत पोचली तेव्हा दिवस बुडत होता. मागून हाक आली, "बानेऽ". सासूचे बोल आठवले. वळायचं नाही. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली. दुसरी आलीच नाही. म्हणजे माणूस नव्हे, असं समजून तिनं मेंढरं पुढं हाकली.

सकाळी तो कोरड्या टाक्यात सापडला. पायरी निसटलेली, कंबर मोडलेली. पडल्या पडल्याच गेला असंल, काय कळलं बी नसंल त्याला, असं म्हणून लोकांनी तिची समजूत घातली. तसं नव्हतं, हे एकट्या बानाबाईला माहीत होतं. आणि कडूबाई? ती मरेपर्यंत नव्या सुनांना तोच नियम शिकवत राहिली. आपण ऐकलेल्या हाकेचं बानाबाईनं तिला कधीच सांगितलं नाही.

"त्याच्यात एकाच हाकेचा जीव उरला व्हता," ती म्हणाली. "आन् मी मोजत बसले."

प्रांजली आजीला बिलगली. मग अभयनं हळूच नियम बदलला: एक शिट्टी वाजली तरी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि ओ द्यायची. कुणी गंमत केली तर केली. त्यावर बानाबाईनं डोळे पुसले आणि सांगून टाकलं की दरडबिरड काही पडली नाही, वाट आहे, मी दाखवते.

लोकांना न्यायच्या आधी तिघंच एकदा वर गेली. डोंगर करपून गेलेला. वाळल्या कुसळांखाली घाटाचे झिजलेले दगड बानाबाईच्या पायांना बरोबर सापडत होते. खाली शहर पसरत पसरत पार पायथ्याशी आलेलं. इतकी वर्षं दिवस बुडताना ती हाक तिला रोज ऐकू यायची, कंपनीच्या भोंग्यातही यायची. इथं, ऐन खिंडीत, मात्र सगळं चिडीचूप. त्या शांततेचीच तिला भीती वाटली.

दोघांना खिंडीत थांबवून ती एकटीच टाक्याशी गेली. काठावर हात टेकून आत वाकली. मग म्हातारीनं बेंबीच्या देठापासून आवाज काढला. "ओऽऽऽ!" समोरच्या कड्यानं तो परत पाठवला. नियम नियमच, म्हणून खिंडीतून अभयनंही ओ दिली, मागोमाग प्रांजलीनं.

ती परत आली तेव्हा अभयनं विचारलं, "आजी, ओ कुणाला दिलीत? हाक तर ऐकू आली नाही."

"आली व्हती," बानाबाई म्हणाली. "म्याच उशीर केला."

मग तिघंही खाली निघाली. प्रांजली आणि अभय पुढं, बानाबाई मागं. पहिल्या वळणावर प्रांजलीला मागं पावलं वाजेनाशी झाली. तिनं हाक मारली, "आजी!"

ओ आली नाही. प्रांजलीच्या जन्मात पहिल्यांदाच असं झालं होतं. पोरगी घाबरून परत वर धावली.

बानाबाई खिंडीत उभी होती, तोंड मागं, टाक्याकडं. तिनं ओ दिली होती. आता तो पुन्हा हाक मारील म्हणून ती थांबली होती.