कावळ्याला दिलेला शब्द

चौसाळ्यात आमच्या शेजारच्या घरातलेच एक पाद्री सुट्टीवर गावी आले होते. रशियातल्या एका खेड्यात ते धर्मकार्य करतात. चहा बिनदुधाचा पितात, गुळाचा खडा दाढेत धरून. तिकडे काय करता असं मी विचारलं, तर म्हणत, "म्हाताऱ्यांची लाकडं फोडतो, गुरुजी, दारातलं बर्फ उपसतो, त्यांच्यासंगं जेवतो." प्रार्थनेचं नाव शेवटी घेत. हा क्रम मला मुद्दाम ठेवलेला वाटे.

त्याच दिवसांत माझी पत्नी गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळ्या नातेवाइकांचे शब्द देऊन झाले.

"पाद्री उभा हाय, कसा शिवंल बे?" मेहुणा शेजारच्याला कुजबुजला.

तेव्हा लांब थांबलेले ते पुढे आले आणि पिंडाकडे बघत म्हणाले, "वैनी, गुरुजींना एकटं जेवू देणार न्हाई."

कावळा उतरला.

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी डबा घेऊन येऊ लागले. दुःखातला माणूस लवकर वळवता येतो, हे मी वाचलेलं होतं. रोज त्यांच्या पिशवीकडे बघायचो, धर्मपुस्तक कधी निघतं म्हणून. भाकरी आणि ठेचाच निघे.

रशियाला परत निघाले, तेव्हा मी टोचून विचारलं, "हिला दिलेल्या शब्दाचं काय?"

"फोन करीन की, गुरुजी. जेवायच्या वक्ताला."

फोन रोज येतो. मागे कुणी म्हातारी तिच्या भाषेत कुरकुरत असते. एक दिवस ते मूळ विषयावर येतील, याची मला खात्री आहे. तोवर मी ताट वाढून घेतो आणि फोन वाजेपर्यंत भाकरी मोडत नाही.