राखाडी गल्लीतल्या वासंतीबाई

पृथ्वीच्या पार दक्षिणेकडल्या टाकानिनी गावातल्या त्या नव्या वसाहतीतल्या माणसांनी देवाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, पण रंग म्हणून त्यांच्या वाट्याला आली ती नुसती राख. भिंती राखाडी, छपरं राखाडी, कुंपणं राखाडी, टपाल टाकायच्या पेट्यासुद्धा राखाडी. वासंतीबाईंचा मुलगा इंद्रनील याला ‘क्लासी’ म्हणायचा. वासंतीबाई म्हणायच्या, सुतक.

बाईंची सगळी नोकरी पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. शेकडो नंबर तोंडपाठ, आवाज करडा, जिभेला धार. नवरा गेल्यावर इंद्रनीलने त्यांना इकडे आणलं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘किया ओरा’ म्हणून इथला नमस्कार ठोकायचा, हा त्यांचा दिवसातला एकमेव स्वतःचा उद्योग. तोसुद्धा मे महिन्यात बंद पडला.

झालं काय, की दूध घेऊन परतताना बाई शेजारच्या गल्लीत वळल्या आणि हुबेहूब आपल्यासारख्याच दाराच्या कुलपावर आपला नंबर दाबत बसल्या. अलार्म बोंबलला, आतली बाई पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत धावत आली, बिचारीने उलट चहाच पाजला. पण इंद्रनीलचा चेहरा! “आई, तुला विसरायला होतंय.”

“अरे, मी विसरले नाही. तुमची घरं एकसारखी आहेत. दार पिवळं कर, डोळे मिटून येईन.”

“कव्हनंट आहे आई, वसाहतीचा करार. राखाडीच रंग लागतो. आणि रीसेल व्हॅल्यूचं काय?”

जन्मात विकायचं नाही ते घर, आणि त्याच्या किमतीची काळजी! डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले. बाईंनी सगळं केलं, वर त्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय तेही सांगितलं. डॉक्टर हसला, सगळं ठीक आहे म्हणाला. तरी मुलाचा हुकूम कायम: एकटीने बाहेर पडायचं नाही. ज्या बाईने अर्ध्या पुण्याला एकमेकांशी जोडून दिलं, तिला आता दूध आणायला सोबत लागणार. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

जुलैत सगळी वरात युरोपला निघाली. इकडे गारठा, तिकडे ऊन. व्हेनिसहून बोटीने बुरानो नावाच्या बेटावर उतरले आणि इंद्रनीलला जणू देव भेटला. कालव्याच्या दोन्ही काठांना घरं, एक शेंदरी, एक हिरवं, एक गडद जांभळं. एका घरावर तर गोल, त्रिकोण, चौकोन, हाताला येतील ते रंग. सून श्रद्धा परक्या माणसांच्या दारात त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींसकट फोटो काढून घेत होती. आतल्या म्हातारीने खिडकी धाडकन लावली. बाईंना ती म्हातारी फार आवडली.

“आज्जी, सो प्रिटी, ना?” नात अनुष्का म्हणाली.

“प्रिटी आहे. बापाला सांग.”

बाप फोनमधून वाचून दाखवत होता. “आई, ऐक ना, किती सुंदर कल्पना आहे! धुक्यात कोळ्यांना आपलं घर लांबून ओळखू यावं, म्हणून म्हणे प्रत्येकाने वेगळा रंग दिला!”

वासंतीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा आपल्याच पोटचा? काखेत कळसा, तोही राखाडी, आणि गावाला वळसा घालायला अर्धी पृथ्वी! त्याच्या डोक्यात उजेड पडेल म्हणून त्या क्षणभर थांबल्या. कसला पडतोय. तो आईस्क्रीमची रांग शोधत होता.

“तू या बाकावर बस. इथून हलू नकोस हं,” तो म्हणाला आणि गेला.

बाई उठल्या आणि चालू लागल्या. जांभळ्या घरापाशी डावीकडे, शेंदरी घराच्या पुढचा पूल, मग लेस विणणाऱ्या एका बाईच्या दारात घटकाभर उभं राहणं. भाषा कळत नव्हती, विणकाम कळत होतं. कितीतरी दिवसांनी बाईंना कोणी सांभाळत नव्हतं. मग त्याच रंगांवरून उलट्या, एकही वळण न चुकता, त्या बाकापाशी आल्या. तिथे इंद्रनील पोलीस शोधत होता आणि त्याच्या हातातलं आईस्क्रीम मनगटावरून ओघळत होतं.

“कुठे गेली होतीस? हरवली असतीस म्हणजे!”

“इथे कशी हरवेन? माझं डोकं जागेवर आहे, इंद्रनील. तुझ्या घराला तोंड नाहीये.”

परतीच्या बोटीत त्याने चिकट मनगट पुसलं. मग म्हणाला, “बघू.” त्याच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे आईला तो शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. घरी आल्यावर दाराला रंग नाही लागला. त्याऐवजी दोन वस्तू आल्या. आई कुठे आहे ते फोनवर दाखवणारं एक घड्याळ, आणि हॉलमध्ये टांगायला बुरानोच्या घरांचा हा एवढा मोठा फोटो, कॅनव्हासवर छापून. आल्यागेल्याला इंद्रनील त्याच्यासमोर उभं करून कोळ्यांची गोष्ट सांगायचा. घड्याळ आईच्या मनगटावर त्याने स्वतः बांधलं. लाज नाही वाटली मेल्याला.

सोमवारी सगळे कामाला, शाळेला गेले. दुपारचं जेवण उरकल्यावर बाईंनी घड्याळ काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. हॉलमधला फोटो उतरवला, दाराबाहेर दिवाळीच्या तोरणाचा हूक होता त्याला लटकवला, आणि स्वेटर चढवून डेअरीकडे निघाल्या.

इंद्रनील दुपारी लवकर परतला, तर आई दुधाची बाटली घेऊन समोरून गल्लीत वळत होती. त्याने फोन पाहिला. फोन म्हणत होता, आई घरात आहे. तो दाराकडे धावला. सगळ्या राखाडी गल्लीत ते एकच दार शेंदरी, हिरवं, जांभळं दिसत होतं, आणि बाई रमतगमत, इकडेतिकडे न बघता सरळ त्या दाराकडे येत होत्या.

“आई, हे बाहेर का लावलंस? हे घरातलं आहे!”

“घरात कोण हरवतंय?” वासंतीबाई म्हणाल्या, आणि आपला नंबर दाबून आत गेल्या.