वसंताचा जॅक आणि माझे रविवार

वसंता गेल्याचं मला राजापूरच्या एस.टी. स्टँडवर कळलं. परीक्षेच्या कामासाठी गेलो होतो. ओळखीच्या कंडक्टरने खिडकीतूनच सांगितलं, “मास्तर, तुमचे गॅरेजवाले मित्र गेले काल सकाळी... हार्टचं झालं.” रत्नागिरीत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला महिना होत आला, पण माझं मन काही जागेवर येत नाही.

वसंता माझा शाळूसोबती. मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा गटांगळ्या खाऊन तो मोटारींखाली शिरला आणि मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो. ऐंशी सालानंतर जो तो मेकॅनिक आखाताच्या गोष्टी करू लागला, तेव्हा हाही म्हणाला, मुंबईला मुलाखत द्यायची आहे, इंग्रजी शिकव. दर रविवारी सकाळी यायचा. म्हटलं, तुझ्या हातातल्या हत्यारापासून सुरुवात करू. शब्द निघाला जॅक, आणि तिथेच आम्ही रुतलो. गाडी उचलतो तो जॅक, पत्त्यांतला गुलाम जॅक, रेडिओत वायर खुपसायचं भोक जॅक, जहाजाच्या नाकावरचं निशाण जॅक, नर गाढवही जॅक. कहर म्हणजे, आपला फणससुद्धा जॅकफ्रूट... त्याची अट अशी, की वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा अर्थ घ्यायचा नाही. निशाणासाठी आम्ही तीन रविवार बंदरावर उन्हात उभे. गाढवापाशी मात्र म्हणाला, “हा बघायला नको, रोज गिऱ्हाईक म्हणून येतो.”

खरं सांगतो, मला कळत होतं. मुलाखतीत शब्दार्थ कोण विचारतो? त्याला बोलतं करायला हवं होतं. पण माझ्या एकट्याच्या घरात तेवढीच एक सकाळ हसण्याची होती, आणि बोलणं जमलं असतं तर तो निघून गेला असता. मी आपला पुढचा अर्थ काढत राहिलो. मुलाखतीत साहेबाने विचारलं, आजवर काय काम केलंस, तर हा गप्प उभा. परत आल्यावर वर मीच त्याला झापलं, अभ्यास कमी पडला म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा. तो नुसता हसला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला.

परवा न राहवून वसंताच्या घरी गेलो आणि हे सगळं वहिनींपाशी बोलून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता बोलल्या, “भावोजी, त्यांना म्हायत होतं ते. दर गुरवारी ते पोस्टातल्या रिटायर साहेबांकडे बोलायला शिकायला जायचे. नाय जमलं, तो भाग वेगळा.”

मग माझ्याकडे कशाला येत होता, मी विचारलं.

“मीपण इचारलेलं. बोलले, रविवारचा मास्तर एकटा असतो.”

आता रविवारी सकाळी मी घरात थांबत नाही. कुलूप लावतो, कुठे जायचं ते न ठरवता चालू लागतो आणि बारा वाजेपर्यंत परत फिरत नाही.