सुरू न झालेल्या गाडीची वही

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घराला एक सवय लागली. अंगणात मोटारीचा स्टार्टर ओढल्याचा आवाज आला की प्रत्येकाच्या हातातले काम थांबे. वहिनीची पळी आमटीत थांबे, माझा वस्तरा गालावर थांबे. इंजिन धरले की कामे पुन्हा सुरू होत. धरले नाही तर बाहेरून नुसते ‘टक्’ ऐकू येई, आणि त्यामागून मोठ्या भावाच्या चपलांचा आवाज. पायरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पायरीपर्यंत.

भाऊ डॉक्टर होता. मुलुंड स्टेशनजवळ त्याचा दवाखाना होता आणि दुपारी तो भांडुपपर्यंत घरोघरी रोगी पाहायला जात असे. त्यासाठी त्याने एक जुनी, काळी विलायती गाडी घेतली होती. ती चालवायला मालवणकडचा एक ड्रायव्हर होता. वयाने तो भावापेक्षा मोठा, बोलण्यात कमी. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत तो बायको आणि दोन मुलींसह राहत असे. खोली नोकरीबरोबर मिळालेली होती.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात नवा उपसंपादक होतो. काम संध्याकाळी सुरू होई, त्यामुळे दुपारी भाऊ मला गाडीत घेऊन जाई. गाडी अडली तर ढकलायला एक माणूस जास्त, एवढाच त्यात हिशेब होता.

बिघाडाला नियम सापडत नव्हता. गाडी कधी गार असताना अडे, कधी तापलेली असताना. पुढून हँडल मारले की हमखास सुरू होई. आग्रा रोडवरच्या मेकॅनिककडे नेली की स्टार्टरवर पहिल्या ओढीला सुरू होई आणि तो आमच्याकडे पाहत राही. त्याने बॅटरी चार्ज केली, मग बदलली, मग स्टार्टर उतरवून साफ केला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी दोन-तीन दिवस नीट चाले. शेवटी त्याने भावाला बाजूला घेऊन सांगितले की गाडीत दोष नाही, हातात असेल.

भावाच्या मनात ते आधीच होते. गणपतीला ड्रायव्हरने गावी जायला रजा मागितली होती. त्या वेळी मुलुंडमध्ये घरोघर ताप होता, म्हणून भावाने ती नाकारली होती. माणूस डूख धरून आहे, असे भावाला वाटू लागले. तरी तो सरळ आरोप करणारा नव्हता. तापाच्या रोग्याचा तक्ता ठेवतात तशी गाडीची नोंद ठेव, असे त्याने मला सांगितले.

मी वही सुरू केली. दिवस, वेळ, जागा, कोण चालवत होते, किती वेळा ओढल्यावर सुरू झाली. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. रविवारी ड्रायव्हरची सुट्टी असे, भाऊ स्वतः गाडी चालवी. रविवारची एकही नोंद नव्हती.

वही वाचून भावाने ड्रायव्हरला अंगणात बोलावले. अकराही वेळा हात त्याचाच होता, हे त्याने पान उघडून दाखवले. महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितले. मेकॅनिकच्या ओळखीचा दुसरा माणूस एक तारखेला येणार होता. ड्रायव्हरची बायको खोलीच्या दारात उभी होती, ती आत गेली. ड्रायव्हरला चौथीपर्यंतचे वाचता येत असे. त्याने वही हातात घेतली, बोट ठेवत सगळ्या ओळी वाचल्या आणि मला परत दिली.

“लिवलेला खरा आसा,” तो म्हणाला. “सगळा लिवलेला नाय.”

मला त्याचा राग आला. माझ्या नोंदीत चूक काढायला जागा नव्हती, असे मला वाटत होते.

त्याच आठवड्यात मी कचेरीत एक छोटी बातमी लिहून दिली. उपनगरातल्या एका शाळेत इतकी मुले नापास, अशी. मुख्य उपसंपादकांनी कागद परत पाठवला. आकड्याभोवती निळ्या पेन्सिलीचे वर्तुळ होते आणि समासात एकच शब्द: कितीपैकी?

बातमी दुरुस्त करून मी जागेवर बसलो, पण पुढचे काम हातून होईना. वहीत गाडी सुरू न झाल्याच्या अकरा नोंदी होत्या. ती पहिल्या ओढीला किती वेळा सुरू झाली, हे मी कुठेच लिहिले नव्हते. सुरू झालेली गाडी ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, असे मला कधी वाटलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी अर्धी टाकून मी भावासमोर बोटे मोजली. ड्रायव्हर दिवसाला सात-आठ घरी गाडी थांबवतो. पेट्रोल जळू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी बंद करतो, तसा भावाचाच हुकूम होता. म्हणजे आठवड्यात चाळीस-पन्नास वेळा तो स्टार्टर ओढतो. रविवारी भाऊ तीन-चार घरीच जाई, आणि अडायला नको म्हणून इंजिन चालूच ठेवी. त्या चालू गाडीत राखण म्हणून मीच बसलेला असे. तीन रविवारांत भावाने स्टार्टर अंगणात तीनदा ओढला होता. बस.

“मग म्हणणं काय तुझं?” भाऊ म्हणाला.

“दादा, एक दिवस तू चालव. प्रत्येक घरी बंद कर.”

महिना संपायला चार दिवस होते. भावाने सुट्टीची वाट न पाहता त्याच दुपारी किल्ली घेतली. ड्रायव्हर न सांगता मागे बसला.

पहिल्या घरून निघताना गाडी सुरू झाली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरूनही झाली. मी वहीत आता दोन रकाने केले होते आणि एकच भरत चालला होता. सहाव्या घरापर्यंत दुसरा रिकामाच राहिला. गाडी बिघडावी अशी इच्छा मी करत होतो, आणि शेजारी बसलेला भाऊ ती न बिघडण्याची करत होता की काय, ते कळत नव्हते. मागे वळून पाहण्याचे मला धैर्य झाले नाही.

सातवे घर भांडुपला, आग्रा रोडच्या कडेला होते. तिथे एका म्हाताऱ्या बाईला इंजेक्शन देऊन भाऊ परत आला आणि त्याने स्टार्टर ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. रोग्याच्या घरचे लोक दारात आले. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकवून थांबला आणि म्हणाला, “डॉक्टर, तिलापण सुई द्या एक.” भाऊ हसला नाही. त्याचा हात बटणावरच राहिला.

ड्रायव्हर उतरला. हँडल काढण्याऐवजी त्याने बॉनेट उघडले.

“ओढीत ऱ्हवा, डॉक्टर. मी हात लावून बघतंय.”

भाऊ ओढत राहिला. ड्रायव्हर एकेका तारेवर बोट टेकवत गेला. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला एक चपटी, विणलेली पट्टी जाते; वीज बॅटरीत परतते ती त्या वाटेने. तिच्या टोकाच्या बोल्टवर बोट पडताच त्याने हात झटकला. बोल्ट चटका बसण्याइतका तापला होता. त्याने फडके धरून पान्याने तो सोडवला. पट्टीखाली पत्रा दिसायला हवा होता. तिथे काळा तैलरंग होता, जाड आणि चकचकीत; त्यातून वीज कधी जाई, कधी अडे.

“ह्यो रंग कोणी लावलो?”

प्रश्न मेकॅनिकच्या रोखाने होता. मी मात्र उत्तर ओळखून होतो. खंडेनवमीच्या दिवशी, दसऱ्याच्या पूजेला गाडी काळीभोर दिसावी म्हणून, भावाने बॅटरी उतरवून तिच्याखालचा गंजलेला पत्रा स्वतः रंगवला होता. फाटकाचा रंग उरला होता, त्याचे दोन हात दिले होते. ड्रायव्हर तेव्हा झेंडूची फुले आणायला गेला होता. डबा मी धरला होता. वहीची सुरुवात पहिल्या बिघाडापासून होती. त्याआधीचे त्यात काही नव्हते.

भाऊ गाडीतून उतरून पुढे आला. त्याने वाकून पाहिले.

“मी,” तो म्हणाला.

ड्रायव्हरने पान्याच्या टोकाने रंग खरवडला, पांढरा पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला आणि बाजूला झाला. भावाने स्टार्टर ओढला. इंजिन धरले. मग मी मागे गेलो, भाऊ सरकून माझ्या जागेवर बसला आणि चालवायची जागा मोकळी ठेवली. खोली सोडू नका, हे त्याने त्या संध्याकाळी वहिनीकडून ड्रायव्हरच्या बायकोला कळवले. माफीचा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

नव्या माणसाला कळवायचे मात्र सगळेच विसरले. एक तारखेला सकाळी तो धुतलेला शर्ट घालून फाटकाची कडी वाजवून उभा राहिला. भाऊ आत न्याहारी करत होता. त्याला ऐकू गेले असावे, पण तो उठला नाही. अंगणात ड्रायव्हर गाडी पुसत होता. त्या माणसाने त्यालाच विचारले, ड्रायव्हरची जागा इथेच का.

ड्रायव्हरने फडके बादलीत पिळले.

“जागा भरलेली आसा,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूचे दार पुसायला गेला.