पणजोबावाल्याची पणजी

लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर माणसं हवापाण्याचं विचारतात. आमच्या बुकित बातोकच्या ब्लॉकमधला पणजोबावाला विचारायचा, "तुझा पणजोबा कोण?" चिनी म्हाताऱ्या त्याला बघून दुसऱ्या लिफ्टकडे वळायच्या. सव्वासहा फुटी अमेरिकन, खाकी हाफपँट, पायात रबरी चपला आणि काखेत कायम एक पुठ्ठ्याची नळी. त्या नळीत त्याची वंशावळ. जवळच्या जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यातून रिटायर झालेला इंजिनियर. त्याआधी बरीच वर्षं गुजरातेत होता, म्हणून हिंदी बोलायचा. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं जमलं.

मला त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझी मंडळी वारून महिना झाला होता. गाव सोडून परदेशात मुलाकडे आलो होतो दोघं, परत जायला मी एकटाच उरलो. बोलायची इच्छा नव्हती. म्हटलं, "मेला." तो म्हणाला, "माझापण!" आणि एवढा खूश झाला की हाताला धरून मला घरी घेऊन गेला.

त्याचे पूर्वज अमेरिकेतल्या अपलाचिया डोंगरातले. आठ घरांची वाडी, खारी मारून खायचे, मक्याची भाकरी. पणजोबाचं सगळं त्यानं शोधून काढलं होतं. डुकरं किती होती, कुठल्या भांडणात कान तुटला, सगळं. पणजीबद्दल मात्र सरकारी कागदावर एकच शब्द, 'बायको'. थडग्यावर नुसता ओबडधोबड दगड. नऊ वर्षं तो तिचं नाव शोधत होता. "नाव मिळालं की मी मरायला मोकळा," म्हणायचा.

मी म्हटलं, "बाई होती. भाकऱ्या थापल्या, पोरं वाढवली, गेली. नाव कशाला पाहिजे तुला?"

त्यानं वंशावळ गुंडाळून नळीत घातली. मला चहा गोड लागेना.

विषय बदलायला मी त्याला आमच्या मिरजेकडच्या हेळव्याचं सांगितलं. बैलावर पोथ्या लादून दोन-तीन वर्षांनी गावात येतो, प्रत्येक घराची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचतो, नवी लिहून घेतो, जोंधळा घेऊन जातो. पणजोबावाला ताडकन उठला, पंख्यात डोकं जाता जाता वाचलं. "त्याला फोन लाव!"

मी चौथी शिकलेला, पण हेळव्याकडे अमेरिकेची पोथी नसते एवढं मला कळतं. ह्याला कळेना. म्हणे, "विचारायला काय जातंय?" शेवटी गावाकडच्या पुतण्यानं कळवलं की हेळवी गावात आलाय. रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये फोन स्पीकरवर टाकला. पणजोबावाला इस्त्रीचा शर्ट घालून, मांडी घालून, हात जोडून फोनसमोर बसला. मी मधला दुभाषी.

"पाव्हण्यांचं देवक काय?" हेळव्यानं विचारलं.

मी समजावलं, कुळाचं झाड, ज्याला कुऱ्हाड लावायची नाही ते. पणजोबावाल्यानं डोळे मिटले. "चेस्टनट. डोंगरभर होती. रोग पडला, सगळी मेली."

"चेसनट. चालतंय," हेळवी म्हणाला. "गोत्र ठावं नसंल तर कश्यप लिवतो."

सूनबाईला तोंडात कोंबायला पदर नव्हता म्हणून ती उशी घेऊन आत पळाली. पणजोबा डुकरांसकट पोथीत चढला. मग हेळव्यानं पाव्हण्याला पोथी कशी असते ते कळावं म्हणून आमचं घराणं वाचलं. चौदा पिढ्या, माझ्यापर्यंत, मुलापर्यंत.

पणजोबावाल्यानं मला विचारलं, "बायका कुठायत?"

मी तेच फोनवर विचारलं. हेळवी म्हणाला, "बायकांची नावं लिवायची रीत न्हाई, काका."

पणजोबावाला फोन सोडून माझ्याकडे वळला. "तुझ्या बायकोचं नाव काय?"

बेचाळीस वर्षं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर संसार झाला. तिचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. मग डोकंच फिरलं.

"अरे ए हेळव्या! कधी न बघितलेला अमेरिकन लिहितोस, त्याची डुकरं लिहितोस, मेलेल्या झाडाचं देवक लावतोस. आणि जिनं तुला तीस वर्षं माझ्या ओट्यावर जेवायला वाढलं, ती रीतीत बसत नाही? लिही. इंदू. इंदुबाई!"

तिकडे बैलाची घंटा वाजली, पोथीचं पान उलटलं. मग तो म्हणाला, "लिवली, काका. मिरचीचा ठेचा वाढायची. लिवली."

पणजोबावाल्यानं हळूच विचारलं, "आणि माझी?"

"नावच न्हाई तर काय लिवू?" हेळवी म्हणाला. मी म्हटलं, "तिच्या नावापुरती जागा सोड."

पुढल्या वर्षी तो नळी घेऊन त्याच्या डोंगरात परत गेला. जाताना लिफ्टमध्ये मला मिठी मारली, माझी चप्पल तुटली. दोन वर्षांनी त्याच्या मुलीचं पत्र आलं, सूनबाईनं वाचून दाखवलं. तो गेला. नाव शेवटपर्यंत मिळालं नाही.

हेळवी अजून गावात येतो. आमच्या दारात उभा राहून चौदा पिढ्या वाचतो आणि शेवटी म्हणतो, "इंदुबाई. आणि चेसनट देवकाची, डोंगरातली बाई, नाव यायचंय."

पुतण्या फोनवर कुरकुरतो, "काका, सगळी आळी हसती. खोडायला सांगू का?"

मी सांगितलं, खबरदार. हसू देत. हसायच्या आधी त्यांना माझ्या बायकोचं नाव ऐकावं लागतं.