आडवा शब्द, पाच अक्षरी

सकाळी साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या गादीघरातून "मारला साल्याला!" अशी आरोळी आली की बाजारपेठेत नवखा माणूस दचकायचा. आम्ही जुने लोक चहा पीत राहायचो. हमीदचाचा पिंजारी यांना शब्दकोड्यातला एखादा अडलेला शब्द सापडलेला असायचा, एवढंच.

पेपर माझा असायचा. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात माझं रिचार्जचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, चाचांच्या भिंतीला भिंत लागून. मी मथळे वाचून होईपर्यंत त्यांना दम निघायचा नाही. पेपर हिसकून घ्यायचे, अर्धवट भरलेल्या गादीवर पसरायचे, त्याच्यावर गुडघा टेकून बसायचे आणि कोडं रचणाऱ्या अनोळखी माणसाचा उद्धार करत एकेक चौकोन भरायचे. "ह्याला एकदा माझ्यासमोर आना. पिंजून उशीत भरतो." मी एखादी वेलांटी चुकीची सांगितली की "दत्ता, टाळकं फोडीन तुजं" हे ठरलेलं. चाळीस वर्षांत त्यांनी कापूस सोडून दुसऱ्या कशावर काठी उगारलेली मात्र कुणी पाहिली नव्हती.

त्यांची शाळा उर्दू, तीही चौथीपर्यंत. घरात दखनी. बोलण्यापुरतं मराठी बाजारानं शिकवलं आणि पुस्तकातलं मराठी या कोड्यानं. शिकलेला शब्द ते त्याच दिवशी गिऱ्हाइकावर वापरून टाकायचे. एकदा गोरेगावहून आलेल्या एका पाटलाला म्हणाले, "पाटील, ही गादी लई कृश झाली." पाटील म्हणाला, "किसनची न्हाई, माझीच हाय." चाचांनी कपाळावर हात मारला आणि मला हाक मारून सांगितलं, "ह्यान्ला त्यान्चंच मराठी समजंना, मी काय करू?"

कोड्यातल्या सूचनेला ते 'इशारा' म्हणायचे. आणि इशाऱ्याबद्दल त्यांचा एकच कायदा होता. 'आकाशातील दिवे, दोन अक्षरी' असं आलं होतं एकदा, मी 'तारा' म्हणालो. पेन्सिल माझ्या नाकासमोर नाचली. "दिवा म्हनला का तो? दिवे म्हनला. 'तारे' लिव. इशाऱ्याचं लिंग बघ, वचन बघ, मग तोंड उघड." मग जरा शांत होऊन म्हणाले, "आमच्या बोलीत दोनच लिंगं. तुमचं हे तिसरं, ते लई बदमाश हाय. माज्या निम्म्या चौकटी त्यानंच खाल्ल्या." नपुंसकलिंग हा शब्द त्यांना नीट म्हणता यायचा नाही, अनुस्वार गळून पडायचा. पण ते त्यांनी असं पक्कं केलं होतं की आमच्या गुरुजींनाही जमलं नसतं.

इथवरचं सगळं मला हसत सांगता येतं. पुढचं येत नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता. लेकरं पळवणारी टोळी आली आहे, बाजारात म्हातारी माणसं पेरली आहेत, हळदीतून गुंगीचं औषध देतात. मीही तो तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. माझी पोरगी चार वर्षांची. तिला दोन दिवस अंगणवाडीत पाठवलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी साठीचा एक अनोळखी माणूस माझ्याकडून रिचार्ज मारून दुकानाच्या पायरीवरच फोनवर बोलत उभा राहिला. खांद्याला कापडी पिशवी होती. "पाच लेकुरवाळी भेटली," तो सांगत होता. "कवळी हायेत, पन चालतेल. आनखी सहा पायजेत. पिशवीतच घालून आनतो."

लेकुरवाळी म्हणजे लेकरं असलेल्या बाया, एवढंच मला माहीत होतं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी काउंटर ओलांडून बाहेर आलो आणि त्याची कॉलर धरली. "कोनाची लेकरं रे?" तो म्हणाला, "कसली लेकरं, मालक?" मी पिशवी ओढली, त्यानं ती छातीशी धरली, आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. पहिली चापट माझी. हे वाक्य मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

"पाच लेकुरवाळी भेटली म्हनून राहिला! पोरं धरनारा हाय!" असं मीच ओरडलो. मग पन्नास-साठ माणसं धावून आली. त्यांतल्या निम्म्यांना काय झालंय हेही ठाऊक नव्हतं, पण हात सगळ्यांचे चालत होते. चपला पडल्या, उसाचं टिपरं पडलं. कुणीतरी त्याच्या बरगडीत गुडघा घातला तेव्हा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याचे दोन दात माझ्या पायरीवर पडले. पिशवी फाटली आणि हळकुंडं मातीत सांडली, तेव्हा तर लोक पिसाळलेच. "हळद! गुंगीची हळद!" तो पालथा पडून "आई, आई" करत होता आणि मी त्याची कॉलर सोडलेली नव्हती.

तेवढ्यात दाढीत कापूस अडकलेले चाचा गर्दी फाडून आले आणि त्या माणसाच्या अंगावर पालथे पडले. दोन-तीन लाथा त्यांना बसल्या. त्यांनी मान वर केली. कॉलर धरलेला हात त्यांना दिसला, मग हाताचा मालक.

"दत्ता, इशारा वाच रे!" ते ओरडले. "भेटल्या म्हनला का तो? भेटली म्हनला! बाया असत्या तर लेकुरवाळ्या भेटल्या म्हनला असता. ही हळकुंडं हायेत रे! ज्याला अंगाला पिलं फुटतेत ते लेकुरवाळं हळकुंड. आडवा शब्द आला व्हता, पाच अक्षरी! नपुसकलिंग हाय ते, नपुसकलिंग!"

मला त्याच क्षणी कळलं. खरं तेच आहे. मला कळलं आणि तरीही मी कॉलर सोडली नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

माझ्या मागून विलास पुढे आला. आमच्याच आळीतला, कांद्याचं दुकान लावणारा. "आमाला नपुंसक म्हनतो का बे?" त्याच्या हातात किलोचं लोखंडी वजन होतं. ते चाचांच्या डाव्या कानामागे बसलं.

तिथून पुढे कुणी कुणाला मारलं नाही. भाजीवाल्या गयाबाईनं मातीतून एक हळकुंड उचललं, पदराला पुसलं. त्याच्या अंगाला चार लहान फांद्या होत्या. "खरंच की रं," ती म्हणाली. "नवरीच्या वटीत घालतेत हे. काय केलं रं मुडद्यांनो!" त्या माणसाच्या पुतणीचं लग्न होतं. त्याला अकरा हळकुंडं हवी होती.

तो माणूस वाचला. चाचाही वाचले, पण नांदेडच्या दवाखान्यातून परत आले ते शब्द तिकडेच ठेवून. उजवा हात लुळा, आणि तोंडातून एक घोगरा 'आ'. पाणी हवं असलं की ते उशीकडे बोट दाखवायचे आणि आपलं चुकतंय हे कळून स्वतःच्याच मांडीवर डाव्या हाताची मूठ आपटायचे. मी रोज पेपर घेऊन जायचो, इशारे मोठ्यानं वाचायचो. ते रिकाम्या चौकोनांकडे बघत राहायचे. खैरुनचाची मला चहा द्यायची आणि म्हणायची, "तुमच एक आते बेटा. बाकी सब डर गए." तो चहा मी कसा प्यायलो माझं मला माहीत. पोलिसांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मी दुकानात होतो, साहेब." कागदावर जमाव लिहिला गेला होता आणि जमावाला नाव नसतं. घरी आल्यावर दोन महिन्यांनी चाचा झोपेतच गेले.

त्याच्या आधी एकदा हवालदार गादीघरात आले होते. जबाब राहिला होता. चाचांसमोर खुर्ची टाकून बसले, प्रश्न विचारले, 'आ' ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "तुमी रोज असता म्हनं. तुमाला समजतं त्यांचं. तुमीच इचारा, कोन कोन व्हतं."

चाची दारात उभी होती. मी चाचांजवळ खाली बसलो. "चाचा," मी विचारलं, "कोन व्हतं?"

 त्यांचा डावा हात उठला, पुढे आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. जोर नव्हता त्यात. राग होता की माया, ते मला आजही सांगता येत नाही.

हवालदारांनी पेनला टोपण लावलं. "लई जीव हाय तुमच्यावर," ते म्हणाले. "चला, बोलता येत न्हाई असं लिवतो."

"टोपन काढा साहेब," मी म्हणालो. "ते नाव सांगून राहिले."