मी ते वाक्य पुन्हा बोलले नाही

भुताळी असल्याचं मी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. कुणी मारलं नव्हतं, बांधून ठेवलं नव्हतं. अंगणात माणसं बसली होती, माझ्या हातात तांब्या होता आणि मी ते वाक्य बोलले. प्रार्थनेला जमलेल्या माणसांपुढे साक्ष द्यायला उभी राहिले की मी इथूनच सुरुवात करते. लोकांनी मला अंधारात ढकललं एवढंच सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. आत मी माझ्या पायांनी चालत गेले होते.

आमचा पाडा वैशाखरेच्या पुढे, रस्ता सोडून आत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शेजारच्याच घरात धाकटा दीर बाळू आणि जाऊ यमुना. त्यांचा मुलगा किसन चार वर्षांचा असताना तापानं पडला. पाच दिवस झाले तरी ताप उतरेना, म्हणून भूतबाधा उतरवणाऱ्या भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदळाचे दाणे मांडले आणि दाणे माझ्या घराकडे गेले असं सांगितलं. आमच्याकडे भुताळी म्हणजे जिच्या नजरेनं माणूस आजारी पडतं अशी बाई. तिच्यावर एकच उपाय असतो. तिनं तांब्यातलं पाणी पोरावर शिंपडायचं आणि चारचौघांत म्हणायचं, "मी दिलं होतं, मी परत घेतलं." यमुना रडत होती. मी दहावीपर्यंत शिकलेली, असल्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नव्हता. म्हटलं, दोन शब्द बोलून या बाईला धीर येत असेल तर माझं काय बिघडणार आहे? मी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी किसनचा ताप उतरला आणि त्यानं भाकर मागितली.

ताप सहा दिवसांचा होता, सहाव्या दिवशी उतरला. हे मला आज कळतं. तेव्हा सगळ्या पाड्याला एवढंच कळलं की मी घेतलं म्हणून पोर उठलं, म्हणजे दिलंही मीच होतं. लोकांचं एक वेळ सोडा, मलाही तसंच वाटायला लागलं. माझ्या शब्दानं गेलं असेल, तर आलं कुठून? मला मूल नव्हतं. यमुनाच्या पोराकडे मी कितीदा आसुसून बघितलं होतं, ते माझं मला माहीत होतं. तेच लागलं असेल का? या प्रश्नानं मला आतून पोखरलं. मी लहान मुलांकडे बघणं सोडलं. रस्त्यात कुणी बाई लेकरू घेऊन दिसली की मी बांधावरून खाली उतरायचे. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बायका एका ओळीत उभ्या राहतात. माझ्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी असायची. पुढं यमुनाला मंगल झाली, तिच्या बारशाला मला बोलावलं नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं. मीच गेले नसते. नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. "ती" म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

अशी सहा वर्षं गेली. एक दिवस मी मुरबाडच्या एसटी स्टँडवर शहापूरच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक तरुण बाई आली. खांद्यावर पिशव्या, कडेवर तीन-चार महिन्यांचं बाळ. "मावशी, जरा धरा हिला, मी आलेच," म्हणाली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत बाळ माझ्या मांडीवर ठेवून गेलीसुद्धा. मी मान वळवली आणि गाड्यांच्या वेळांचा फलक वाचत बसले, बाळाला माझी नजर लागू नये म्हणून. ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर तिची सासू होती. मी बाळ दिलं आणि एका दमात सांगून टाकलं, "घरी गेल्यावर हिच्यावरून मीठ ओवाळून टाका. मी भुताळी आहे."

सून घाबरली. सासू वाकली, बाळाकडे बघितलं आणि हसायलाच लागली. "अगो, ही तर घोरते आहे! भुताळीच्या मांडीवर कोन घोरतं का?"

त्या सुशीलाकाकू. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता खर्डीला राहत होत्या. गाडी यायला तासभर होता. मी त्यांना किसनची सगळी हकीकत सांगितली. कुणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तू नुसतं बोललीस आनि ताप उतरला? मग आमी तीस वर्सं सुया टोचत काय बसलो? तुलाच बसवायची होती खुर्चीत!" सहा वर्षांत मी हसले नव्हते. स्टँडवर पदर तोंडाला लावून हसले, मग रडले. काकूंनी रडू दिलं आणि गाडी लागली तेव्हा म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत. स्वयंपाकाला बाई पाहिजे. येशील?"

मी गेले. दर रविवारी काकूंच्या पडवीत आठ-दहा माणसं जमायची आणि प्रभू येशूची प्रार्थना करायची. मला कुणी बस म्हटलं नाही. मी आत चहा करायचे आणि ऐकायचे. देव प्रत्येक माणसाला नावानं ओळखतो असं तिथं एकदा कुणी बोललं आणि माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. काकूंना मी पुढं कितीतरी दिवस छळलं. मी दिलं नव्हतं हे कशावरून? माझ्या मनात हाव होती त्याचं काय? काकूंनी ते उडवून लावलं नाही. म्हणाल्या, "हाव होती तर त्याची माफी माग. पन ताप तुझा नवता. जीव द्यायचा-घ्यायचा अधिकार तुला कोनी दिला? तू देव हायेस काय?" त्यांच्या बोलण्यात धार होती, पण माझी गाठ त्या धारेनंच सुटली. मी माफी मागितली, आणि जी गोष्ट माझी नव्हतीच ती प्रभूच्या पायाशी ठेवली. पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. नाव बदलायचं का, असं विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. आईबापांनी ठेवलेलं माझं नाव मला आत्ता कुठं परत मिळत होतं, दुसरं घेऊन काय करायचं?

मी घरी परतले. ज्या अंगणात नाव गमावलं तिथंच मला राहायचं होतं. पाड्यावर फारसं काही बदललं नव्हतं. मी मात्र आता रस्ता सोडून बांधाखाली उतरत नव्हते.

गेल्या भातकापणीच्या आधी यमुनाची मंगल, सात वर्षांची, तापानं पडली. डोळे पिवळे झाले होते. भगतानं सूप मांडलं, दाणे पुन्हा माझ्याच घराकडे गेले. सकाळी मी केर काढत होते, तर बाळू दारात उभा. त्याच्यामागे दहा-बारा माणसं, आणि त्याच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"वयनी, बोल एकदा. मागं बोललीस तवा किसन उठला ना?"

"नाय बोलणार, भावजी."

"का गो? तुजं काय जातंय?"

"माजंच जातंय. मी दिलं नाय, तर परत काय घेऊ? पोरीला दवाखान्यात न्यायची. जीप आन, मी येते संगती."

मागून एकजण ओरडला, "आनि पोर मेली तर?"

मंगल गेली असती तर तिचं मरण माझ्याच नावावर लागलं असतं आणि भुताळी ठरलेल्या बाईचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी एवढंच म्हटलं, "मेली तर तुमाला करायचं ते करा. आदी जीप आना." बाळूनं तांब्या खाली ठेवला आणि जीप आणायला गेला. माझ्यावर विश्वास बसला म्हणून गेला असं मी म्हणणार नाही. मी कधी कुणाला एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं नव्हतं, त्यानं तो गोंधळला असावा.

मुरबाडला डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. शेतातल्या साचलेल्या पाण्यातून येणारा ताप आहे म्हणाले, किडनीवर ताण आलाय, लघवी बंद झाली आहे. आजचा दिवस बघू, नाहीतर ठाण्याला हलवू. दुपारपर्यंत मंगल हाकेलाही ओ देईना. बाळू गाडीची सोय बघायला खाली गेला आणि यमुनानं माझे पाय धरले. "मी तुला काय बी म्हननार नाय गो. कोनाला सांगनार नाय. नुसतं बोल."

खरी परीक्षा ही होती. अंगणात मी रागाच्या बळावर उभी राहिले होते. इथं एक आई पायाशी होती आणि तिचं समाधान माझ्या दोन शब्दांत होतं. मागच्या वेळीही मी दयेपोटीच बोलले होते. मी तिला उठवून शेजारी बसवलं, तिचा हात मंगलच्या पोटावर ठेवला, त्यावर माझा ठेवला, आणि मोठ्यानं प्रार्थना केली. प्रार्थना म्हणजे काय, मला तेव्हा धड शब्दही सुचले नाहीत. म्हटलं, "प्रभू, ही पोर तुझी आहे. हिचा जीव माझ्याकडे नाही, कधीच नव्हता. तू सांभाळ. आणि तू नेलीस तरी मी खोटं बोलणार नाही."

अर्ध्या तासानं मंगलनं डोळे उघडले आणि बारीक आवाजात लघवीला जायचंय म्हणाली. नर्स इतकी खूश झाली की भांडं आणायला पळतच गेली. औषधं सकाळपासून चालू होती, डॉक्टरांनी जिवापाड मेहनत केली होती. यात कुणाचं किती, हे मोजत बसणं माझं काम नाही. मी त्या भांड्याकडे बघून देवाचे आभार मानले. अशा गोष्टीसाठी आभार मानायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

नऊ दिवसांनी आम्ही पाड्यावर आलो. लोकांचं म्हणणं तयारच होतं, की दवाखान्यात मी मनातल्या मनात परत घेतलं असणार. हापशीवर बायका तेच बोलत होत्या आणि मी हंडा लावून उभी होते. तेवढ्यात यमुना आली. तिनं कळशी आपटली आणि माझं नाव घेऊन म्हणाली, "नाय बोलली ती! मी व्हते तितं. पाय धरले तरी नाय बोलली. आनि पोर जिती हाय. आता कोनाला काय बोलायचंय?" माझा हंडा भरून वाहत होता आणि मी ताठ उभी होते. ख्रिस्ती माणसानं गर्व करू नये म्हणतात. त्या दिवशी मी केला, आणि प्रभूनं तो समजून घेतला असेल.

अजूनही पाड्यावर काही घरं मला बघून दार लोटतात. लोटू देत. माझ्या हातात कुणाचा जीव नाही, हे मान्य करायला मला इतकी वर्षं लागली. स्वतःला परमेश्वराच्या हाती देणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: जे त्याचं आहे ते त्याच्याकडे राहू द्यायचं आणि आपण खरं बोलायचं. तेवढं केल्यावर मी नुसती माणूस उरले. माणूस असण्यात केवढी मोकळीक आहे, हे त्यानं मला दाखवलं, आणि त्यासाठी मी रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी त्याचे आभार मानते.